बिल्टीवर तीनच नग

३१ मार्च, दुपारी सव्वाचार. रक्कम एकेचाळीस लाख तीस हजार रुपये. हजर: तू, मी, आणि चहा घेऊन आलेली माझी बायको सुमन. ठिकाण हिंगोलीतलं माझं घर, पुढची खोली.

इसाक, तुझ्यावर लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीला लागल्याची तारीख हे सगळं तुझ्या सेवापुस्तकात आहे, आणि ते सेवापुस्तक गेल्या सहा महिन्यांत मी इतक्या वेळा चाळलंय की कोणती नोंद कोणत्या पानावर ते न बघता सांगेन. ती दुपार मात्र त्यात कुठेच नाही.

तुझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. खुर्चीत न बसताच तू फाइल पुढे केलीस.

"दिगू, एवढी बेरीज बघ बाबा. साहेब म्हणले, सहाच्या आत बिल कोषागारात गेलं न्हाई तर निधी वापस जातो."

"काहून, तुमच्या संस्थेत हिशेबाचा माणूस न्हाई का?"

"हाय की. त्यानंच केलाय ह्यो हिशेब. म्हणून तर तुझ्याकडं आलो."

सुमन आतून हसली. मी चष्मा लावला. हळदीतलं कुरकुमिन, म्हणजे तिचा कस, मोजायच्या यंत्राचं प्रमाणपत्र होतं ते. मुख्य यंत्र चोवीस लाख साठ हजार, पंप सात लाख पंधरा हजार, संगणक आणि इतर सामान तीन लाख पंचवीस हजार. बेरीज पस्तीस लाख. त्यावर अठरा टक्के कर, सहा लाख तीस हजार. एकूण एकेचाळीस लाख तीस हजार. अक्षरांत तेच लिहिलं होतं. आकड्यांत मात्र ४१,०३,००० पडले होते. तीन आणि शून्य यांची अदलाबदल.

"आकडा आन् अक्षर जुळंना गड्या," मी म्हणालो. "हे असंच गेलं असतं तर बिल आज सायंकाळीच माघारी आलं असतं."

मी चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला, आणि तू शेजारी छोटी सही केलीस. मग बशीतला चहा दोन घोटांत संपवून म्हणालास, "तू हायस म्हणून बरं हाय." आणि गेलास.

त्या आकड्यांच्या वर एक वाक्य होतं: "सदर यंत्र प्राप्त झाले असून बसविण्यात आले आहे व चालू स्थितीत आहे." मी ते वाचलं नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वाचलं होतं. विचारलं काही नाही. त्या घटकेला तुमच्या संस्थेत यंत्राचा साधा स्क्रूसुद्धा आलेला नव्हता. साहेबांनी, म्हणजे तुमच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रमुखांनी, तुला सांगितलं होतं की माल रस्त्यात आहे, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तू सही कर, खाली मी प्रतिस्वाक्षरी करतो, म्हणजे जबाबदारी माझी.

पाटबंधारे खात्यात लेखा लिपिक म्हणून माझी बावीस वर्षं झाली. ३१ मार्चला सगळीकडे काय चालतं ते मला माहीत आहे. खर्च न झालेला पैसा परत जातो, म्हणून आधी कागद पूर्ण होतो आणि वस्तू मागून येते. कुणाला त्यात पाप वाटत नाही. मलाही वाटलं नाही. पण हेही मला माहीत आहे की ४१,०३,००० वाला कागद कोषागाराने परत केला असता. निधी बुडाला असता. साहेबांनी तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि आज तू जिवंत असतास. हा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला. उत्तर बदलत नाही.

*

ते यंत्र तुझं होतं. म्हणजे कागदावर शासनाचं, पण त्यासाठी नऊ वर्षं पत्रं तू लिहिलीस. डोंगरकड्यात तुझे अब्बा पत्र्याचे डबे आणि चाळण्या करायचे, आणि हंगामात तू लोकांच्या हळदी शिजवायला कढईवर जायचास. बाजारात व्यापारी हळकुंड मोडून बघतो, रंगावर नजर टाकतो आणि भाव बोलतो, याचा तुला फार राग.

"नजरेनं कस कळतो का रे? उद्या म्हणतील लेकराचं तोंड बघून मार्क द्या."

तुझं म्हणणं साधं होतं. संस्थेत यंत्र बसवायचं, पोरांना ते चालवायला शिकवायचं, आणि जिल्ह्यातल्या कोणीही चिमूटभर हळद आणावी आणि तिचा कस लिहिलेला कागद घेऊन बाजारात जावं. प्रयोगशाळेचा साधा निदेशक होतास तू. तुझ्या वरचे चार जण या कल्पनेला हसले. मग राज्याने उच्च तंत्रज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन यासाठी कर्जरोखे काढले आणि त्यातला एक वाटा तुमच्या संस्थेला आला. तेव्हा हसणारे चौघेही यंत्राच्या फोटोत उभे राहायला तयार झाले.

त्या कर्जाचे एक लाखाचे रोखे मी घेतले होते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, साडेसात टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी तीन हजार सातशे पन्नास. नरसीला जायच्या रस्त्यावर त्या प्रसादाच्या दुकानांलगत आपण चहाला थांबलो होतो, तेव्हा मी तुला हे सांगितलं. तू इतका हसलास की दुकानदारही बघायला लागला.

"म्हंजे माझं यंत्र तुझ्या पैशाचं? मंग दारावर पाटी लावू का, दिगंबरराव यांच्या कृपेने?"

"कृपा कसली? उधार हाय ते. सरकारला दिलंय, यंत्र बंद राहिलं तरी मला व्याज येणारच. म्हणून म्हणतो, तुमच्याकडं धड वीज न्हाई, गार खोली न्हाई, शिकवणारा माणूस न्हाई. आधी ते करा, मंग कर्जानं यंत्र आणा."

"तुझ्या हिशेबानं चाललं तर आमी काहीच आणायचं न्हाई."

"उधारीच्या वस्तूनं पहिल्या दिवसापासून काम केलं पाहिजे, इसाक. व्याज सुट्टी घेत न्हाई."

"अन् शिकणं नगद असतंय का? मी शिकलो ते अब्बांनी उधारी करूनच. ते पैसे फिटायला अकरा वर्षं लागली. पहिल्या दिवसापासून मी काय काम करून राहिलो होतो? मार खाऊन राहिलो होतो गणितात."

हा वाद आपण किती ठिकाणी केला! औंढ्याला, शिरड शहापूरला माझ्या भावाच्या शेतात, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत. तो संपला नाही. तुझं उत्तर माझ्याकडे अजून आहे. त्यावर माझं उत्तर तयार होतं, पण आता ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तू बरोबर होतास असं मला अलीकडे वाटतं. कर्ज काढून शिकवण्यात चूक नव्हती. ज्यांच्या हातात कर्ज गेलं ते चोर होते, एवढंच.

माझ्या मुलीला दहावीला विज्ञान येत नव्हतं तेव्हा तू सलग पाच महिने रविवारी आलास. स्वयंपाकघरातलं ताट, आरसा आणि पाण्याची वाटी घेऊन तू तिला प्रकाश शिकवलास. फी विचारल्यावर म्हणालास, "तुमच्या घरचा चहा पातळ असतो, तेवढा सुधारा." ती आज अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुला हे मी कधी नीट सांगितलं नाही. आता सांगतो.

*

माल आला तो दोन दिवसांत नाही, अडीच महिन्यांनी, जूनच्या मध्यावर. त्या दिवशी तू भाचीच्या लग्नाला डोंगरकड्यात होतास. परत आलास तर प्रयोगशाळेत तीन नग होते. चौथा, पंपाचा, नव्हता. पंपाशिवाय ते यंत्र म्हणजे इंजिनाशिवाय ट्रॅक्टर. साहेब म्हणाले, मागच्या गाडीने येतोय. पुरवठादाराने सुरुवातीला फोन उचलला, नंतर उचलला नाही. तू चाळीस स्मरणपत्रं लिहिलीस. साहेबांनी त्यातली किती बाहेर पाठवली हे नंतर जावक नोंदवहीत बघितलं. एकही नाही.

धूळ बसू नये म्हणून तू यंत्रावर घरची चादर टाकलीस. शबानाभाभींनी मला सांगितलं, "लग्नातली चादर होती भाऊ, मला न विचारता नेली." तू रोज ती झटकायचास. पोरं विचारायची, सर कधी चालू होणार? तू म्हणायचास, "व्हईल, व्हईल, पंप येऊन राहिला."

माझं व्याज मात्र दर सहा महिन्यांनी ठरलेल्या दिवशी येत होतं.

दोन वर्षं होत आली तेव्हा लेखापरीक्षणाचं पथक आलं. त्यांनी प्रमाणपत्र काढलं, खोली उघडली, आणि विचारलं पंप कुठे आहे. साहेबांनी एक क्षणही घेतला नाही. म्हणाले, यंत्र मार्चमध्ये पूर्ण आलं, चालू केलं, ताबा इसाकचा, चावी इसाककडे, तेव्हा पंप कुठे गेला ते त्यालाच विचारा.

दोन वर्षं तो माणूस तुझ्या हातचा चहा प्यायला होता.

तू निलंबित झालास. पहिले तीन महिने अर्धा पगार, नंतर पाऊण. पंपाचे सात लाख पंधरा हजार आणि त्यावरचा कर धरून आठ लाख त्रेचाळीस हजार सातशे रुपयांची वसुली तुझ्यावर निघाली. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात मी साखर घेत असताना एक जण मोठ्याने म्हणाला, "पंप हैदराबादला विकला म्हणे मास्तरनं." मी साखर तिथेच ठेवून आलो. मी त्याला मारायला पाहिजे होतं. मारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

मला मारता येत नाही. मोजता येतं. म्हणून मी मोजायला लागलो.

बसमध्ये हे डोक्यात आलं: वाहतूकवाला भाडं वजनावर घेतो. पुरवठादाराच्या यादीत चार नग होते, एकूण वजन एकशे शहाऐंशी किलो. ज्या ट्रान्सपोर्टच्या गाडीने माल आला त्याच्या गोदामात मी तीन वेळा गेलो. तिथला म्हातारा मुनीम, त्याला जुने गठ्ठे काढायचा कंटाळा. मी त्याची महिन्याची रोजकीर्द जुळवून दिली, त्यात साडेतीनशेचा फरक सापडत नव्हता त्याला. मग त्याने गठ्ठा काढला. बिल्टीची, म्हणजे माल वाहून आणल्याच्या पावतीची, स्थळप्रत. तारीख जूनची. नग तीन. वजन एकशे एकवीस किलो. आणि खाली "माल मिळाला" म्हणून सही. तू लग्नात होतास. सही साहेबांची होती.

पासष्ट किलो कमी. पंपाच्या नगाचं वजन यादीत पासष्टच होतं. म्हणजे पंप आलाच नव्हता, आणि साहेबांना ते सही करतानाच ठाऊक होतं.

मी प्रत काढून थेट तुझ्याकडे आलो. मला वाटलं तू उडी मारशील. तू ती दोनदा वाचलीस आणि उलटी करून ठेवलीस.

"दिगू, हे बाहेर काढू नको."

"काहून? ह्यात सगळं हाय. तू चोर न्हाईस, तो हाय."

"मी चोर न्हाई हे चौकशीत निघलच. आज न्हाई तर दोन सालानं. पण माल जूनमध्ये आला हे निघालं, म्हंजे मार्चची माझी सही खोटी निघाली. ते तर खरंच हाय. खोट्या प्रमाणपत्राला बडतर्फी हाय. पेन्शन गेली, ग्रॅच्युइटी गेली. शबाना आन् दोन पोरी खातील काय?"

"मंग काय त्याला सोडून द्यायचं?"

"तुला त्याला धरायचं हाय. मला माझं घर धरायचं हाय."

मी चिडलो. मी तुला भित्रा म्हणालो. हो, म्हणालो, इथे लपवत नाही. तू शांतपणे म्हणालास, "तू तुझे आकडे जुळव बाबा. माझं घर मी जुळवतो. माझ्या जित्तेपणी ह्यो कागद बाहेर न्हाई काढायचा. शब्द दे."

मी शब्द दिला आणि नऊ दिवस तुझ्याकडे आलो नाही. दहाव्या दिवशी, मे महिन्यात, सकाळी पावणेआठला भाभींचा फोन आला. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तू बसलास आणि उठला नाहीस.

*

दफन डोंगरकड्याला झालं. ऊन मी म्हणत होतं. मी तुझ्या भावांच्या मागे डोक्याला रुमाल बांधून उभा होतो. तेवढ्यात गाडी थांबली आणि साहेब उतरले. पांढरा शर्ट, डोक्याला हातरुमाल. ते पुढे आले, लोकांनी वाट दिली, आणि त्यांनी रीतीप्रमाणे तीन मुठी माती टाकली. मी मोजल्या. मग हात झटकून तुझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "माणूस चांगला होता. मोहात सापडला बिचारा."

तुझ्या कबरीवर उभा राहून तो तुला चोर म्हणाला, इसाक. आणि तुझा भाऊ मान खाली घालून उभा राहिला.

मी तिथे रडलो नाही. तुला दिलेला शब्द मी मनात पुन्हा एकदा वाचून बघितला. जित्तेपणी म्हणाला होतास.

घरी येऊन मी नियमांची पुस्तकं काढली. कर्मचारी मेला की त्याच्यावरची खातेनिहाय चौकशी आपोआप संपते. निलंबनाचा काळ कामावर होता असं धरून घरच्यांना पगाराचा फरक देतात. कुटुंबाची पेन्शन चालू होते. मेलेल्याला बडतर्फ करता येत नाही. मी हा नियम दोनदा वाचला, मग ज्याला जास्त कळतं अशा एका वकिलाकडून वाचून घेतला. ज्या भीतीने तू तो कागद उलटा करून ठेवला होतास ती भीती तुझ्याबरोबर गेली होती. उरली होती फक्त वसुली. साहेबांच्या कार्यालयाने पत्र टाकलं होतं की आठ लाख त्रेचाळीस हजार सातशे तुझ्या ग्रॅच्युइटीतून कापून घ्या. ग्रॅच्युइटी होती अकरा लाख शहाऐंशी हजार. भाभींच्या हातात तीन लाख बेचाळीस हजार तीनशे पडणार होते, आणि चोराची बायको हे नाव.

आणि साहेब तीस जूनला सेवानिवृत्त होणार होते. एकदा ते निवृत्त झाले की त्यांना हात लावायला वरची खास परवानगी लागते, वर्षं जातात. दोषारोपपत्र त्याच्या आत हातात पडायला हवं होतं.

मी अकरा जूनला तक्रार दिली. अठरा परिच्छेद, तेवीस जोडपत्रं. बिल्टी, वजनाची यादी, दोन्ही वजनांची वजाबाकी, जावक नोंदवहीच्या प्रती. चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं: "प्रमाणपत्रावरील रकमेची दुरुस्ती माझ्या हस्ताक्षरातील आहे. यंत्र आले आहे किंवा नाही याची विचारणा मी केली नाही." सुमनने मसुदा वाचला.

"हे काढून टाका की. कुणाला ठाऊक हाय?"

"मला."

"तुमाला तकलीफ झाली तर?"

"व्हऊ दे. सगळ्यांची बेरीज मांडायची आन् माझा आकडा सोडायचा, हे बराबर न्हाई."

एकोणीस दिवसांत मी वरिष्ठ कार्यालयात सात वेळा गेलो. माझ्या सगळ्या किरकोळ रजा संपल्या. तिथल्या अधिकाऱ्यांना तुझ्याबद्दल प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. कर्जरोख्यांच्या पैशाची विचारणा वरून सुरू झाली होती आणि त्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं. मी त्यांना नाव दिलं, पुराव्यासकट.

तीस जूनला दुपारी निरोप समारंभ होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. साहेबांना शाल दिली, श्रीफळ दिलं. एक जण त्यांच्या निष्कलंक सेवेबद्दल बोलत असतानाच वरिष्ठ कार्यालयाचा शिपाई तपकिरी पाकीट घेऊन थेट मंचावर चढला.

"साहेब, पोच द्या."

"अरे, कार्यक्रम चालू आहे. नंतर ये."

"आजच्या तारखेत पायजे साहेब. वेळ टाकून सही करा. चार वाजून दहा मिनिटं."

माइक चालू होता. सगळ्या सभागृहाने ते ऐकलं. साहेबांनी पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं, आणि त्यांचे डोळे सभागृहात कुणालातरी शोधायला लागले. मी हात वर केला, त्यांना सोपं जावं म्हणून.

बाहेर ते माझ्या अंगावर आले. शाल अजून खांद्यावर होती. "मेलेल्या दोस्ताचं नाव खराब केलं तुमी, दिगंबरराव! त्याची खोटी सही चव्हाट्यावर आणली!"

"व्हय, आणली," मी म्हणालो. "त्याची बी खोटी, तुमची बी खोटी. त्याची चौकशी बंद झाली. तुमची आज सुरू झाली."

त्यांची बायको गाडीजवळ हार घेऊन उभी होती. मला तिची दया आली नाही. कुणी विचारलं तर तेव्हाही आली नव्हती आणि आजही येत नाही, असंच सांगेन. लोक म्हणतात बदला घेऊन काही मिळत नाही. त्यांनी कधी घेतला नसावा. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो आणि तू गेल्यापासून प्रथमच माझ्या घशाखाली घास नीट उतरला.

*

आता पुढचं, म्हणजे कुणी किती दिले ते.

साहेबांची ग्रॅच्युइटी थांबली आहे, पेन्शन तात्पुरती आहे, चौकशी चालू आहे. फौजदारी गुन्ह्याच्या धास्तीने त्यांनी पंपाचे आठ लाख त्रेचाळीस हजार सातशे रुपये स्वतः चलनाने शासनाकडे भरले. मुदत ठेव मोडली असं ऐकतो. पुरवठादाराचं नाव काळ्या यादीत गेलं आणि त्याची अनामत जप्त झाली. मला माझ्या खात्याने ज्ञापन दिलं, एक वेतनवाढ एक वर्षासाठी रोखली. मी अपील केलं नाही.

तुझ्यावरची वसुली रद्द झाली. आदेशात शब्द आहेत: "पंपाच्या अपहाराशी त्यांचा संबंध आढळून येत नाही." खोट्या प्रमाणपत्राचा उल्लेखही आहे. तो मी काढायला सांगितला नाही. भाभींना पूर्ण ग्रॅच्युइटी मिळाली, अकरा लाख शहाऐंशी हजार. निलंबनाच्या चौदा महिन्यांचा फरक, दोन लाख त्रेसष्ट हजार पाचशे. पेन्शन सुरू झाली.

आदेशाची प्रत घेऊन मी तुझ्या घरी गेलो. भाभींनी ती धाकटीकडून मोठ्याने वाचून घेतली, मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, या सगळ्याला तुमचा खर्च किती झाला?"

"राहू द्या भाभी."

"ते म्हणायचे, दिगू पैसे मागणार न्हाई, पर आकडा त्याला तोंडपाठ असतो. सांगा."

आकडा विचारल्यावर खोटं मला बोलता येत नाही. बसभाडं मी माझं धरलं होतं. प्रती, टपाल, नक्कल फी मिळून सहाशे बारा झाले होते. तेवढं सांगितलं.

त्या आत जाऊन पैसे घेऊन आल्या. हातात देताना म्हणाल्या, "तुमच्या तक्रारीतला चार नंबरचा परिच्छेद पोरीनं मला वाचून दाखवला. जून महिन्यातच." मग म्हणाल्या, "त्या मार्चच्या दिवशी तुमच्याकडून ते घरी आले ना भाऊ, तवा लई खुश होते. म्हणले, दिगूनं आज वाचवलं मला."

एवढंच म्हणाल्या. त्यात राग होता की नव्हता ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. तुला कळलं असतं. तुला त्यांचं सगळं कळायचं.

त्यांच्याकडे सुट्टे नव्हते. पाचशेची एक नोट, शंभराची एक, विसाची एक. मी सहाशे वीस मोजून घेतले, खिशातून आठ रुपये काढले आणि शबानाभाभींना परत दिले. त्यांनी ते घेतले.